वारंवार होणारा यीस्टचा संसर्ग : कारण शोधण्यापासून पुनरावृत्ती थांबवण्यापर्यंत

योनीमार्गात यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग एखाद्या वेळी होणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो आणि थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होतो. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो जातो, परत येतो, औषध घेतले की पुन्हा जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढतो. वर्षभरात तीन किंवा त्याहून अधिक वेळा लक्षणांसह हा त्रास झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात (जुन्या व्याख्येत हा आकडा चार होता), आणि त्याची तपासणी व उपचार एरवीच्या संसर्गापेक्षा वेगळ्या पद्धतीने करावे लागतात. मी स्वतः या चक्रातून गेले आहे, आणि त्या काळात जे कोणी तरी नीट क्रमाने सांगायला हवे होते ते इथे मांडत आहे. औषधांची नावे आणि मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी तुम्हाला समजावी म्हणून. त्यांच्या आधारे स्वतःहून औषध सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिच्यामुळे कित्येक जणी डॉक्टरांकडे जायला उशीर करतात. हा संसर्ग अस्वच्छतेमुळे होत नाही, आणि त्याची गणना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांतही होत नाही.

१. हे शरीरात कसे घडते ते आधी समजून घ्या

बहुतेक वेळा या संसर्गाला कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची बुरशी कारणीभूत असते. ती आतड्यांत, त्वचेवर आणि योनीमार्गात एरवीही थोड्या प्रमाणात असू शकते. सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांमध्ये ती कोणतीही लक्षणे न देता राहते आणि अशा वेळी तिच्यावर उपचार करण्याची गरज नसते. योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस जातीचे उपयुक्त जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५ इतका, म्हणजे आम्लधर्मी, ठेवतात आणि इतर जंतूंना वाढू देत नाहीत. हा समतोल ढळला, किंवा शरीरातील साखर, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अथवा प्रतिकारशक्ती यांत बदल झाला, की गोल पेशींच्या रूपात निमूट राहणारी ही बुरशी लांब तंतूंच्या रूपात वाढू लागते, अस्तरात शिरते आणि पेशींना इजा करणारे विष सोडते. कॅन्डिडालायसिन नावाच्या या विषाचा शोध २०१६ मध्ये लागला. खाज, सूज आणि आग यांचा मोठा भाग हा शरीराने या हल्ल्याला दिलेल्या प्रतिसादाचा असतो.

पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग बहुतेक वेळा बाहेरून नव्याने आलेला नसतो. औषधाने बुरशीचे प्रमाण खाली गेलेले असते, पण ती पूर्णपणे गेलेली नसते, आणि अनुकूल स्थिती मिळताच तीच परत वाढते. त्यामुळे घरातील सगळे टॉवेल आणि चादरी उकळण्यात शक्ती घालवण्याऐवजी पुढच्या पायऱ्यांवर लक्ष द्यावे.

२. त्रास खरोखर यीस्टचाच आहे का, याची खात्री करून घ्या

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि हीच सर्वाधिक वेळा वगळली जाते. यीस्टच्या संसर्गात साधारणपणे तीव्र खाज, आग, बाहेरच्या भागाला लाली व सूज, कधी त्वचेला बारीक चिरा, लघवी त्वचेला लागताना चुरचुरणे, संबंधाच्या वेळी दुखणे आणि दह्यासारखा घट्ट, पांढरा स्राव ही लक्षणे दिसतात. स्रावाला बहुधा उग्र वास नसतो. स्राव अगदी थोडा असूनही खाज भयंकर असू शकते. अडचण अशी, की यांपैकी एकही लक्षण केवळ यीस्टचेच नाही. स्वतःच निदान करून औषधाच्या दुकानातून बुरशीनाशक औषध आणलेल्या स्त्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करून पाहणाऱ्या एका अभ्यासात, फक्त यीस्टचाच संसर्ग असलेल्या स्त्रियांचे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश निघाले होते.

मग बाकीच्यांना काय झालेले असते? जिवाणूंचा समतोल बिघडून होणाऱ्या बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये पातळ, करडसर स्राव आणि माशासारखा वास येतो. ट्रायकोमोनास या परजीवीमुळे फेसाळ, पिवळट किंवा हिरवट स्राव होऊ शकतो. या दोन्हींत सामू बहुतेक वेळा ४.५ पेक्षा जास्त असतो, तर यीस्टच्या संसर्गात तो सहसा वाढत नाही. याखेरीज साबण, सुगंधी पॅड किंवा एखाद्या मलमाची ॲलर्जी, नागीण, सोरायसिस, लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार आणि रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा यांतही खाज किंवा आग होते, आणि यांपैकी कशालाही बुरशीनाशक गोळी लागू पडत नाही. म्हणून गोळी घेऊनही आराम पडला नाही, तर दुसरी गोळी घेण्याऐवजी निदानच पुन्हा तपासून घ्यावे.

पहिल्यांदाच असा त्रास होत असेल, तुम्ही गर्भवती असाल, किंवा ताप, ओटीपोटात दुखणे, फोड वा जखमा, दुर्गंधी, अकारण रक्तस्राव यांपैकी काहीही सोबत असेल, तर घरच्या घरी वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

३. तपासणीला जाण्यापूर्वीची तयारी

लक्षणे चालू असतानाच तपासणी व्हायला हवी. बरे वाटत असताना घेतलेल्या नमुन्यातून फारसे काही कळत नाही, आणि आदल्या रात्री योनीमार्गात औषध घातलेले असेल तर अहवाल चुकीचा येऊ शकतो. त्रास सुरू झाल्याबरोबर दाखवता येईल अशी वेळ शक्य असल्यास आधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवावी. तपासणीच्या आधी एक-दोन दिवस योनीमार्गात कोणतेही मलम, गोळी किंवा वंगण वापरू नये, आतून धुऊ नये आणि संबंध टाळावेत.

सोबत पुढील गोष्टी असाव्यात :

- त्रास केव्हा केव्हा सुरू झाला, किती दिवस टिकला आणि मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यात होता, याची तारखांसह नोंद.
- प्रत्येक वेळी घेतलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि ते किती दिवस घेतले याची माहिती. रिकामी पाकिटे किंवा त्यांची छायाचित्रे चालतात.
- चालू असलेल्या इतर सर्व औषधांची यादी, त्यात गर्भनिरोधक, संप्रेरके, स्टेरॉइड आणि मधुमेहाची औषधे आवर्जून लिहावीत.
- गेल्या वर्षभरात घेतलेल्या प्रतिजैविकांच्या तारखा.
- जुने अहवाल, विशेषतः रक्तातील साखरेचे आणि स्रावाच्या तपासणीचे.

पाळीशी जुळणारी नोंद फार उपयोगी पडते. अनेकींना पाळीच्या आदल्या आठवड्यात त्रास वाढतो आणि पाळी आली की कमी होतो. हा क्रम डॉक्टरांना तारखांवरून एका नजरेत दिसतो, तोंडी सांगताना मात्र तो हमखास विसरला जातो.

४. तपासणीत काय होते आणि काय मागून घ्यावे

डॉक्टर बाहेरचा भाग पाहतात, स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने योनीमार्ग किंचित उघडून आतले अस्तर पाहतात आणि कापसाच्या बोळ्याच्या काडीने स्रावाचा नमुना घेतात. याला एक-दोन मिनिटे लागतात. सूज असेल तर थोडे दुखते. तसे आधी सांगितले तर लहान उपकरण वापरता येते.

नमुन्याचा एक भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या द्रावणात शरीराच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू उठून दिसतात. ही तपासणी झटपट होते, पण संसर्ग असूनही कित्येकदा तिच्यात काही सापडत नाही. त्यातही कॅन्डिडा ग्लाब्राटा नावाची दुसरी जात तंतू तयारच करत नाही, त्यामुळे ती नजरेतून सहज निसटते. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्या प्रत्येकीने बुरशीच्या कल्चरची तपासणी करावी का, असे स्पष्ट विचारावे. कल्चरमध्ये नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची नेमकी जात ओळखतात. अहवालाला काही दिवस लागतात, पण पुढचा सगळा उपचार त्यावर अवलंबून असतो. अल्बिकन्सवर नेहमीचे औषध, म्हणजे फ्लुकोनाझोल ही बुरशीनाशक गोळी, सहसा चालते. ग्लाब्राटावर ते बऱ्याचदा कमी पडते आणि कॅन्डिडा क्रुसाई या जातीवर फ्लुकोनाझोल चालतच नाही. योग्य मात्रा घेऊनही फरक पडलेला नसेल, तर कोणते औषध लागू पडते हे पाहणारी संवेदनशीलता तपासणीही त्याच नमुन्यावर करून घेता येते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणारी पॅप स्मिअर तपासणी या कामासाठी विश्वासार्ह नाही. तिच्यात यीस्ट दिसले आणि तुम्हाला लक्षणे नसली, तर केवळ त्या एका ओळीवरून उपचार सुरू करण्याची गरज नसते.

५. मागे एखादे कारण दडले आहे का ते पाहा

बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही, हे आधीच स्वीकारलेले बरे. काहींची शरीरप्रकृतीच या बुरशीला अधिक तीव्र प्रतिसाद देणारी असते. तरीही जी कारणे बदलता येतात ती तपासून पाहायलाच हवीत.

मधुमेह हे त्यांतले पहिले. साखर नियंत्रणात नसेल तर बुरशीला वाढायला वाव मिळतो आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. निदान न झालेला मधुमेह कधी कधी याच तक्रारीतून उघडकीस येतो, म्हणून उपाशीपोटी साखर आणि मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्यावी. मधुमेह आधीच असेल, तर औषधांची नावेही पाहावीत : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे हा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. ती हृदय आणि मूत्रपिंडांसाठी महत्त्वाची असू शकतात, तेव्हा स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोलावे.

प्रतिजैविके बुरशीला मारत नाहीत, पण तिला आवरणाऱ्या लॅक्टोबॅसिलसला मारतात. प्रत्येक वेळी प्रतिजैविकानंतरच त्रास होत असल्याचे तुमच्या नोंदीतून दिसले, तर पुढच्या वेळी प्रतिजैविक खरेच हवे का आणि त्यासोबत बुरशीनाशक द्यावे का, हे विचारता येते. सर्दीसारख्या विषाणूजन्य त्रासासाठी तर प्रतिजैविक घेऊच नये.

इस्ट्रोजेनचे प्रमाण जास्त असते तेव्हा ही बुरशी अधिक सहज वाढते. गर्भारपणात आणि जास्त इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेताना हा त्रास वाढतो तो यामुळेच. रजोनिवृत्तीनंतर, संप्रेरकांची औषधे चालू नसताना आणि मधुमेह नसताना, तो क्वचितच होतो. म्हणून त्या वयात सतत खाज येत असेल तर त्वचाविकाराची शंका आधी घ्यावी. स्टेरॉइड, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि एचआयव्ही यांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असतानाही संसर्ग परत परत होतो.

६. उपचाराचे दोन टप्पे नीट समजून घ्या

साध्या संसर्गाला फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा क्लोट्रिमाझोलसारख्या औषधाचे काही दिवसांचे मलम पुरते. वारंवार होणाऱ्या संसर्गाला हेच पुन्हा पुन्हा देत राहिल्याने चक्र तुटत नाही. त्यासाठीचा उपचार दोन टप्प्यांत असतो.

पहिल्या टप्प्यात बुरशी पूर्ण दबेपर्यंत औषध देतात : योनीमार्गात वापरायचे औषध ७ ते १४ दिवस, किंवा फ्लुकोनाझोलच्या तीन गोळ्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. एका गोळीचा परिणाम योनीमार्गात सुमारे ७२ तास टिकतो, म्हणून दोन गोळ्यांमध्ये इतके अंतर ठेवतात. दुसऱ्या टप्प्यात आठवड्यातून एक गोळी सहा महिने घ्यावी लागते. पहिल्या टप्प्यानंतर खाज थांबते आणि औषध बंद करण्याचा मोह होतो. उपचार फसतो तो नेमका इथे. दर आठवड्याचा एक वार ठरवून फोनमध्ये गजर लावावा, आणि सहा महिन्यांची चिठ्ठी सुरुवातीलाच कशी मिळेल ते विचारून घ्यावे.

कल्चरमध्ये अल्बिकन्सखेरीज दुसरी जात आली, तर मार्ग बदलतो. फ्लुकोनाझोल सोडून दुसरे औषध जास्त दिवस देतात. त्यानेही भागले नाही तर बोरिक आम्लाची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एकदा योनीमार्गात, तीन आठवडे, असा उपचार डॉक्टर सुचवू शकतात. ही कॅप्सूल चुकूनही गिळायची नाही, कारण बोरिक आम्ल पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ती ठेवावी, आणि गर्भारपणात ती वापरू नये.

गर्भवती स्त्रियांना फ्लुकोनाझोलच्या गोळ्या टाळून सात दिवसांचे योनीमार्गातील औषध देतात. त्यामुळे सहा महिन्यांचा उपचार सुरू करण्यापूर्वी गर्भधारणेचा विचार असल्यास तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

७. औषधे चालू असताना हमखास लागणाऱ्या ठेचा

फ्लुकोनाझोल इतर औषधांशी खटकते. रक्त पातळ करणारे वॉरफरीन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची काही औषधे आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी औषधे यांच्यासोबत ते घेताना विशेष काळजी लागते. यकृताचा आजार असल्यास तोही आधी सांगावा.

बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असलेले मलम कोणी सुचवले तर ते लावू नये. स्टेरॉइडमुळे खाज लवकर कमी होते आणि औषध लागू पडले असे वाटते, पण बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते. पुढच्या तपासणीत खरे चित्रही दिसत नाही.

योनीमार्गात वापरायची बरीचशी मलमे तैलयुक्त असतात आणि त्यांनी लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. त्या काळात गर्भनिरोधनासाठी त्यावर विसंबू नये. जोडीदाराला लक्षणे नसतील तर त्याच्यावर सरसकट उपचार करून तुमचा संसर्ग थांबत नाही. त्याला लाली, खाज किंवा पुरळ असेल तर मात्र त्यालाही डॉक्टरांना दाखवावे.

आणि घरगुती उपाय. लसूण, टी ट्री तेल, व्हिनेगर हे आधीच सुजलेल्या अस्तरावर लावल्यास रासायनिक भाजल्यासारखी इजा होऊ शकते. दही आणि प्रोबायोटिक गोळ्या खाण्याने बहुधा अपाय नाही, पण त्यांनी पुनरावृत्ती थांबते याला पक्का पुरावा नाही. मधुमेह नसताना साखर संपूर्ण बंद करण्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

८. रोजच्या सवयींत काय बदलावे

सवयींनी औषधाची जागा भरून निघत नाही, पण त्वचेला होणारा त्रास त्यांनी नक्की कमी होतो. योनीमार्ग आतून धुण्याची गरज कधीच नसते. बाहेरचा भाग नुसत्या कोमट पाण्याने धुऊन हलक्या हाताने कोरडा करावा. खाज येते म्हणून दिवसातून अनेकदा साबण लावणे किंवा जंतुनाशकाचे पाणी वापरणे, यासारखा दुसरा शत्रू नाही. सुगंधी पॅड, फवारे आणि ओले वाइप्स टाळावेत. सुती, सैल अंतर्वस्त्रे वापरावीत, घामाचे किंवा पोहण्याचे ओले कपडे लगेच बदलावेत, आणि रोज पातळ पॅड लावून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडून पाहावी.

९. सहा महिन्यांनंतर

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा महिने दर आठवड्याला फ्लुकोनाझोल घेतलेल्या स्त्रियांपैकी त्या मुदतीच्या अखेरीस सुमारे ९१ टक्के जणींना पुन्हा संसर्ग झालेला नव्हता. तुलनेसाठी औषध नसलेली निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. औषध थांबवल्यानंतरच्या सहा महिन्यांत मात्र ते अनुक्रमे ४३ आणि २२ टक्क्यांवर आले. म्हणजे गोळी चालू असेपर्यंत आराम जवळजवळ खात्रीचा, आणि नंतर निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा त्रास होण्याची शक्यता. हे आधीच माहीत असले की औषध बंद झाल्यावर आलेली खाज म्हणजे सगळे फुकट गेले असे वाटत नाही.

असे झाल्यास घरातली उरलेली गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यावा आणि कल्चर पुन्हा करून घ्यावे, कारण मधल्या काळात बुरशीची जात बदललेली असू शकते किंवा तीच जात औषधाला दाद देईनाशी झालेली असू शकते. जात आणि संवेदनशीलता पूर्वीसारखीच असेल, तर साप्ताहिक उपचार आणखी काही महिने चालू ठेवता येतो. अलीकडच्या काळात आणखी दोन औषधे उपलब्ध झाली आहेत : अमेरिकेत इब्रेक्साफंगर्पला २०२१ मध्ये आणि ओटेसेकोनाझोलला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही गर्भवती स्त्रियांना देत नाहीत. ओटेसेकोनाझोल तर शरीरात कित्येक महिने टिकून राहते, म्हणून ज्यांना पुढे मूल होण्याची शक्यता आहे अशा स्त्रियांसाठी ते वर्ज्य आहे.